मांडीवरचा ताल

मुलुंडच्या किंवा बोरिवलीच्या एखाद्या फ्लॅटमध्ये सकाळी सातला डोळे मिटून उभं राहावं आणि ऐकावं. मिक्सर, वॉशिंग मशीन, बाथरूममधला एक्झॉस्ट फॅन, बादलीत पडणारं पाणी, आतल्या खोलीतला एसी, कुणाच्या तरी मोबाइलवरच्या बातम्या. आवाज भरपूर आहेत, पण त्यांत ताल नाही. मिक्सर सुरू होतो आणि बंद होतो. मधल्या वेळात तो एकाच पट्टीत ओरडत राहतो. त्याला सम नाही, खाली नाही. पोळपाटावर फिरणाऱ्या लाटण्याला काय तो ठेका असतो, पण पोळ्याही आता पुष्कळ घरांत पोळीभाजी केंद्रातून येतात.

आपल्या पणज्यांच्या घरात याच्या उलट होतं. तिथे आवाज मोजके होते आणि त्यांतल्या बहुतेकांना लय होती. जात्याचा फेरा, उखळातलं मुसळ, ताकातली रवी, पाखडणारं सूप, दगडावर आपटलं जाणारं धुणं, पाळण्याची दोरी. माणसाच्या हातानं होणारं कुठलंही लांबलचक काम आपोआप आवर्तनात पडतं, कारण स्नायूंना ओढ आणि विसावा आळीपाळीनं लागतो. जात्याच्या त्या आवर्तनावर ओवी बसली. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या जमवल्या, त्या एक लाखाहून अधिक भरल्या. एवढी कविता बायकांनी एका हाताने खुंटा ओढत रचली. पुष्कळदा दळणारीच्या मांडीवर डोकं ठेवून तिचं मूल झोपलेलं असे. खुंटा ओढताना तिचं अंग पुढेमागे होई, मांडी हले, छातीतून आवाज घुमे. त्या मुलाला ओवी ऐकू येत होती असं म्हणणं अपुरं आहे. ते ओवीच्या आतच पडलेलं होतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. पहाटे उठून पायली-पायली दळण्यात सुख नव्हतं. पिठाची गिरणी आली तेव्हा बायकांच्या खांद्यांची सुटका झाली आणि ते फार बरं झालं. गेलेल्या कष्टांसाठी गळा काढणं हा ज्यांनी ते कष्ट कधी केले नाहीत त्यांचा उद्योग आहे. मला तो करायचा नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की कष्ट गेले त्यांच्याबरोबर आईची मांडीही हलायची थांबली, आणि दीड-दोन वर्षांच्या मुलाच्या संगीताचा विचार करताना सुरुवात या मांडीपासून करावी लागते. खेळण्यातला पियानो, ब्लूटूथ स्पीकर आणि शनिवारचा क्लास यांचा नंबर पुष्कळ नंतर लागतो.

सगळंच गेलं असंही नाही. थोपटणं राहिलं आहे. ज्यांनी जन्मात कधी तालात टाळी वाजवली नसेल असे आईबापही मूल रडायला लागलं की त्याला खांद्यावर घेऊन थोपटू लागतात, आणि विशेष म्हणजे ते बरोबर थोपटतात. मूल किंचाळत असताना थापा जलद पडतात, ते निवळू लागलं की थापांमधलं अंतर वाढतं, झोप लागता लागता एखादीच थाप उरते. द्रुतातून विलंबितात जाण्याची ही कला कोणी शिकवत नाही. बारशाच्या दिवशीही हेच घडतं. आत्या पाळण्यावर वाकून बाळाच्या कानात नाव सांगते, 'कुर्रर्र' करते, आणि मागे उभ्या असलेल्या बायका तिच्या पाठीत धपाधप थापा घालतात. मराठी माणसाला त्याचं नाव मिळतं ते असं, ठोक्यांच्या साथीनं. अलीकडे उपनगरातल्या हॉलमध्ये बारशाचा पाळणा स्पीकरवर लावलेला असतो आणि जमलेल्या बायका फोटोसाठी नुसत्या उभ्या असतात. पाठीतले धपके मात्र अजून टिकून आहेत. तेवढा भाग स्पीकरला जमण्यासारखा नाही.

झाकिर हुसेन यांनी सांगितलेली आठवण प्रसिद्धच आहे. ९ मार्च १९५१ रोजी माहीमला जन्मलेलं हे बाळ घरी आणलं तेव्हा रिवाजाप्रमाणे वडिलांनी त्याच्या कानात प्रार्थना म्हणायची होती. उस्ताद अल्लारखाँ यांनी तबल्याचे बोल म्हटले. आई रागावली, ते म्हणाले, माझी प्रार्थना हीच. ही गोष्ट सांगताना लोक घराण्याबद्दल, रक्ताबद्दल, दैवी देणगीबद्दल बोलतात. मला तिच्यातली साधी बाजू जास्त मोलाची वाटते. तबल्याचा एवढा मोठा कलावंत पोराजवळ गेला तेव्हा त्याच्या हातात तबला नव्हता. तो तोंडानं बोलला.

आपल्या तालाची गंमत ही की तो वाजवण्याआधी बोलता येतो. कथकच्या पढंतीत नर्तक तो बोलूनच दाखवतो. दादऱ्याच्या सहा मात्रा, धा धी ना, धा ती ना. केरव्याच्या आठ. आता सहा-सात महिन्यांच्या मुलाजवळ बसून त्याची बडबड ऐका. दा, ता, ना, बा, मा. तीच अक्षरं पुन्हा पुन्हा, शेवटी सगळीकडे आकार. 'धा'मधला हकार तेवढा त्याला जमत नाही. जगातली बहुतेक मुलं या वयात हीच अक्षरं घोळवतात, कारण जीभ आणि ओठ सगळ्यात आधी तिथेच पोचतात. तबल्याच्या भाषेनं नेमकी हीच अक्षरं का उचलली याचं उत्तर मी देऊ शकत नाही. पण नादाची नक्कल करायला जिभेला जे सोपं पडतं तेच तबलजीनं घेतलं आणि तेच बाळानंही घेतलं, एवढं उघड दिसतं. मूल 'दादादा' म्हणालं की आपण त्याला 'दादा' हा शब्द समजून टाळ्या पिटतो. त्याऐवजी त्याच लयीत 'दादा तीना' असं उत्तर देऊन पाहावं. ते गप्प होईल, तोंडाकडे बघेल आणि पुन्हा म्हणेल. सवाल-जवाब सुरू झाला.

गेल्या काही वर्षांत या मांडीकडे विज्ञानाचंही लक्ष गेलं आहे. २००९ साली हंगेरीतल्या इश्तवान विंक्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांना ड्रमचा साधा ठेका ऐकवला आणि मधूनच त्यातला पहिला, आवर्तनाचा ठोका गाळला. बाळांच्या मेंदूतल्या विद्युतलहरींनी तो गाळलेला ठोका टिपला. आपल्या भाषेत सांगायचं तर सम चुकल्याचं त्यांना झोपेत कळलं. मैफलीत सम चुकल्यावरही माना डोलावणारे श्रोते ज्यांनी पाहिले आहेत त्यांना या प्रयोगाचं महत्त्व अधिक कळेल.

त्याहून मला आवडतो तो २००५ सालचा कॅनडातला प्रयोग. मॅकमास्टर विद्यापीठातल्या जेसिका फिलिप्स-सिल्वर आणि लॉरेल ट्रेनर यांनी सात महिन्यांच्या बाळांना एक असा ठेका ऐकवला की ज्यात कुठल्याच ठोक्यावर जोर नव्हता. ऐकणाऱ्यानं तो दोन-दोनात मोजावा किंवा तीन-तीनात. ऐकवताना निम्म्या बाळांना दर दुसऱ्या ठोक्यावर हातांत झुलवलं, निम्म्यांना दर तिसऱ्या. सगळा खेळ दोन मिनिटांचा. नंतर त्यांना जोर दिलेले दोन्ही ठेके ऐकवले, तेव्हा ज्याला जसं झुलवलं होतं तसा ठेका ते बाळ अधिक वेळ ऐकत राहिलं. एकाच आवाजातून एकाला केरवा मिळाला, दुसऱ्याला दादरा, आणि हा फरक हवेतून आला नव्हता, अंगाच्या हिसक्यातून आला होता. डोळे बांधून झुलवलं तरी निकाल तोच लागला. मात्र बाळाला बाजूला बसवून समोरच्या माणसाला झुलताना नुसतं बघायला लावलं, तेव्हा काहीच झालं नाही.

हा शेवटचा भाग अंधेरीपासून घाटकोपरपर्यंतच्या प्रत्येक घरात वाचून दाखवावासा वाटतो. कारण आपल्याकडे मुलाचं संगीत म्हणजे समोरच्या माणसाला झुलताना बघणं, एवढंच उरलं आहे. आणि तो माणूसही आता माणूस नाही, चित्रातला मासा आहे. 'बेबी शार्क' या गाण्यानं २०२२ च्या जानेवारीत यूट्यूबवर एक हजार कोटी प्रेक्षणांचा टप्पा गाठला. तिथे पोचणारा तो पहिला व्हिडिओ. त्या गाण्यावर नाक मुरडायचं मला कारण दिसत नाही. त्याचा ठेका पक्का आहे, चाल सोपी आहे, शब्द फिरून फिरून तेच येतात. कुठल्याही बडबडगीतात हेच असतं. त्याची अडचण वेगळीच आहे. ते थांबत नाही. मुलाचा हात टाळीला उशिरा आला, मूल मधेच हसायला लागलं, त्याला तीच ओळ पुन्हा हवी झाली, तरी मासा पुढे पोहत जातो. 'आपडी थापडी' म्हणणारी आजी थांबते. मुलाचा तळहात तिच्या तळहातावर पडेपर्यंत तिची मात्रा लांबते. शास्त्राच्या हिशेबात ती बेताल आहे, आणि मुलाला नेमकं तेच हवं असतं.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगून टाकलं की दोन वर्षांखालच्या मुलाला पडदा नकोच आणि दोन ते चार वर्षांच्या मुलालाही दिवसाला तासाभराहून जास्त नको. नियम बरोबर आहे, पण ८:०५ ची जलद लोकल पकडणाऱ्या आईबापांना नियम ऐकवून काही होत नाही. मुलाला भरवायचं आहे, डबे भरायचे आहेत, पाळणाघरात सोडायचं आहे. मोबाइल हातात देणाऱ्यावर मी दगड उचलणार नाही. एवढंच म्हणेन की जेवताना ताटलीवर चमचा आपटणाऱ्या पोराच्या हातून चमचा काढून मोबाइल द्यायचा, हा सौदा तोट्याचा आहे. चमच्याचे ते ठोके हीच त्याची त्या दिवसाची रियाजाची बैठक होती.

मुलांना ताल 'धरता' येत नाही म्हणून निराश होणारे पालक मला भेटतात. दोन वर्षांच्या मुलाला तो धरता येत नाहीच. २०१० साली मार्सेल झेंटनर आणि तुओमास एरोला यांनी पाच महिने ते दोन वर्षं वयाच्या १२० मुलांचा अभ्यास केला. बोलण्यापेक्षा संगीत आणि ठेका ऐकताना मुलं कितीतरी जास्त हलली, पण ठोक्याला ठोका कोणी दिला नाही; मात्र ज्यांचं हलणं तालाच्या जवळ जाई ती जास्त हसत. मुलाची स्वतःची लय मोठ्यांपेक्षा जलद असते. आपण सुखानं चालतो त्या चालीत त्याला टाळी वाजवायला सांगितली की ते पुढे धावतं. लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेत सेबास्टियन किर्शनर आणि मायकेल टोमासेलो यांनी अडीच ते साडेचार वर्षांच्या मुलांना ढोलकं वाजवायला दिलं. साथीला कधी माणूस, कधी यंत्र, कधी नुसता स्पीकर. मुलं सगळ्यात चांगली जुळली ती माणसाशी. अडीच वर्षांच्या मुलांना स्वतःची लय सोडून समोरच्याच्या लयीत येणं जमलं, तेही समोर माणूस असतानाच.

आता आपल्या मैफलीतली रीत आठवा. गवई ज्या लयीत उचलतो ती लय तबलजी धरतो. गवयानं समेवर यायला वेळ लावला तर तबलजी ठेका देत वाट पाहतो. दोन वर्षांच्या मुलाबरोबर बसताना आईबापांनी तबलजीच्या जागी बसावं. आपण उलट करतो. आपण टाळी वाजवतो आणि त्यानं जुळवून घ्यावं अशी अपेक्षा ठेवतो. मूल डब्यावर हात मारत असेल तर आपण आपला हात त्याच्या लयीत मारायचा. थोड्या वेळानं ते दचकून बघेल, थांबेल, पुन्हा मारेल, आपण थांबतो का ते तपासेल. मग आपण किंचित मंद व्हायचं. ते आलं तर आलं.

उपनगरातल्या मुलाच्या नशिबात एक गोष्ट अशी आहे की जी खेड्यातल्या त्याच्या पणजोबाला मिळाली नव्हती: नाना तालांचा शेजार. वर्सोवा ते घाटकोपर मेट्रो २०१४ साली सुरू झाली. तिच्या एका टोकाला कोळीवाडा आहे, हळदीला तिथे अजून कोळीगीतांचा झुलता ठेका घुमतो. दुसऱ्या टोकाला नवरात्रात गरब्याचा हींच ताल. भांडुप-मुलुंडच्या डोंगराकडच्या वस्त्यांत रत्नागिरीकडची माणसं जाखडी नाचतात, तिला मुंबईत बाल्या नाच म्हणतात. आरे कॉलनीतल्या पाड्यांवर वारल्यांचा तारपा आहे. दाक्षिणात्य शेजाऱ्याच्या घरात मुलगी मांडीवर टाळ्या मोजत पाच नि सात अक्षरांचे ताल पाठ करत असते. अशोक दा. रानडे यांनी भारतीय संगीताच्या आदिम, लोक, भक्ती, कला, जन अशा कोटी पाडल्या. बोरिवलीतल्या मुलाला त्यांतल्या बहुतेक कोटी दुसऱ्या वाढदिवसाआधीच खिडकीतून ऐकायला मिळतात.

हे वैभव वाया जाऊ नये याला एक कारण आहे. एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रेहब यांनी उत्तर अमेरिकेतल्या माणसांना बल्गेरिया-मॅसेडोनियाकडचे विषम ताल ऐकवले, आपल्या रूपकासारखे, सात मात्रा तीन-दोन-दोन अशा तुटलेले. त्यांत केलेली मोडतोड मोठ्यांना ओळखता आली नाही. सहा महिन्यांच्या बाळांना आली. बारा महिन्यांची बाळं मोठ्यांसारखीच वागली; त्यांच्या कानांवर घरच्या सम तालांचा शिक्का बसला होता. मात्र दोन आठवडे घरी त्या परक्या संगीताची सीडी लावली तर वर्षाच्या मुलांना ते पुन्हा जमू लागलं. मोठ्यांना तसं जमलं नाही. इथे मला माझ्याच स्पीकरविरोधाला थोडी मुरड घालावी लागते. सीडी कान उघडे ठेवू शकते. तेव्हा केरव्यातल्या बालगीतांच्या जोडीला भीमसेन जोशींचा एखादा अभंग, किशोरीताई आमोणकरांची रूपकातली एखादी बंदिश, शेजारच्या काकूंचं कर्नाटक संगीत घरात लागलं तर लागू द्यावं. मूल ऐकताना दिसत नाही. ते गाडी ढकलत असतं. ऐकत असतं.

तरी खरा अडथळा मुलापाशी नाहीच. तो आपल्यापाशी आहे. आपण गात नाही.

सकाळच्या लोकलमध्ये भजनी मंडळी असतात. डबा ठरलेला, जागा ठरलेली. कुणाच्या बॅगेतून टाळ निघतात, कुणी डब्याच्या पत्र्यावर ठेका धरतो, आणि बोरिवलीपासून चर्चगेटपर्यंत अभंग, गवळण, शेवटी आरती असं रीतसर सगळं होतं. कोपरानं कोपर चेपलं जात असताना ही माणसं खड्या आवाजात गातात. त्यांतला एखादा माणूस संध्याकाळी घरी जातो, लेक पायाला बिलगते आणि तो रिमोट शोधतो. मी असे कितीतरी बाप पाहिले आहेत. विचारलं तर म्हणतात, 'आपला कुठे आवाज आहे?' डब्यात होता की! चाळीस माणसांत सुटणारा आवाज एका मुलीसमोर अडतो, याचं कारण घरात गाणं म्हणजे 'गाऊन दाखवणं' झालं आहे.

ही लाज आपण कमावलेली आहे. गाणं ही ज्याच्या गळ्यात सूर आहे त्याची मक्तेदारी, बाकीच्यांनी ऐकावं आणि गुण द्यावेत, असं आपण ठरवून टाकलं. २००८-०९ मध्ये झी मराठीवर 'सा रे ग म प'चं लिटिल चॅम्प्स पर्व झालं तेव्हा अख्खा महाराष्ट्र त्या मुलांच्या गाण्यावर लुब्ध होता, मीही होतो. पण त्या कौतुकाचा एक परिणाम असा झाला की तीन वर्षांच्या मुलाच्या गुणगुणण्यातही लोक 'टॅलेंट' शोधू लागले, आणि ते दिसलं नाही की गाण्याचा विषय संपला. मुलाला क्लासला घातलं म्हणजे आपली जबाबदारी उरकली, असं मानणारेही त्याच वाटेवरचे. चांगल्या शिक्षिकेकडे आठवड्यातून तासभर गाणं ऐकायला, डोलायला काहीच हरकत नाही. फक्त क्लासहून आल्यावर घर मुकं असेल तर त्या तासाचं काही उरत नाही.

याच्याच जोडीचा दुसरा भ्रम हुशारीचा. १९९३ साली 'नेचर'मध्ये एक छोटा लेख आला. मोझार्ट ऐकल्यावर कॉलेजच्या विद्यार्थ्यांना अवकाशविषयक काही कोडी थोडी बरी सोडवता आली, आणि परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला, एवढाच त्याचा दावा. तान्ह्या मुलांचा त्यात संबंधच नव्हता. तरी १९९८ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बालकाला अभिजात संगीत देण्यासाठी सरकारी पैसे मागितले. आपल्याकडे गर्भसंस्काराच्या सीडींनी तोच बाजार मांडला. मूल हुशार व्हावं म्हणून त्याला संगीत द्यायचं, हे मला कोत्या मनाचं वाटतं. गणित यावं म्हणून कोणी मुलाला मिठीत घेत नाही.

या बाबतीत आपल्याकडचे जुने लोक अधिक शहाणे होते. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी जे केलं ते बोरिवलीहून उत्तरेला, याच पश्चिम रेल्वेच्या वाटेवर घडलं आहे. माँटेसरीचं तत्त्व त्यांनी घेतलं आणि तिची महागडी साधनं बाजूला ठेवली. बिया, शिंपले, पानं, खडे हे त्यांचं साहित्य. मुलं शाळेत येईनात तेव्हा बालवाडी मुलांच्या अंगणात नेली. देशभर पसरलेल्या अंगणवाडीचं मूळ तिथे आहे. झोपडपट्टी पुनर्वसनातल्या (एसआरए) २६९ चौरस फुटांच्या घरात राहणाऱ्या आईला याचा उपयोग आहे. तिला झायलोफोन लागत नाही. दोन करवंट्या, मूठभर तांदूळ घातलेली आणि झाकण पक्कं चिकटवलेली बाटली, स्टीलचं पातेलं आणि प्लास्टिकचा डबा पुरतात. पातेल्याचा आवाज लांबतो, डब्याचा तुटतो. तबल्यातल्या खुल्या आणि बंद बोलांचा फरक मुलाला तिथे हातानं कळतो.

शब्दांची तर ददात नाहीच. आपल्या बडबडगीतांत अर्थ नावापुरता असतो, ठेका शंभर टक्के. आणि नंतरच्या कवींनीही मुलांसाठी हात आखडता घेतला नाही. जोगेश्वरीत बालपण गेलेल्या आणि पार्ल्यात वाढलेल्या पु. ल. देशपांड्यांनी १९५३ सालच्या 'देवबाप्पा'साठी गदिमांच्या 'नाच रे मोरा'ला चाल लावली, आशा भोसल्यांनी ती गायली. सत्तर वर्षं झाली, आजही चालता येऊ लागलेलं पोर त्या गाण्यावर गुडघ्यात वाकतं. हे गाणं मुलाला लावून देण्यापेक्षा बेसूर का होईना, म्हणून दाखवावं. आशाबाई मुलासाठी थांबू शकत नाहीत. तुम्ही थांबू शकता.

एक सावधगिरी मात्र हवी. ताल म्हणजे दणदणाट असं आपल्या उत्सवांनी ठरवून टाकलं आहे. सोसायटीच्या आरतीत मुलाच्या हातात छोटी झांज द्यावी, त्याच्यासारखी शाळा नाही; शंभर माणसं एकाच वेळी एकाच समेवर येताना त्याला फार थोड्या ठिकाणी बघायला मिळतील. पण विसर्जनाच्या डीजेसमोर किंवा ढोलताशा पथकाच्या तोंडाशी तान्हं मूल खांद्यावर घेऊन उभे राहणारे बाप दिसतात तेव्हा त्यांना हाताला धरून मागे ओढावंसं वाटतं. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांची मर्यादा आहे. मिरवणुकीत ती कुठल्या कुठे उडालेली असते. मुलाच्या कानात गेलेली इजा भरून येत नाही. लांबून, गॅलरीतून ऐकवा. तिथून ठेका अधिक स्वच्छही ऐकू येतो.

तेव्हा आज संध्याकाळी घरी गेल्यावर एवढं करा. मुलाला मांडीवर घ्या, जे गाणं अर्धंमुर्धं आठवत असेल ते म्हणा, आणि गुडघा हलवा. तीन-तीनात हलवला तर दादरा, चार-चारात हलवला तर केरवा. कुठला ते मुलाला ठरवू द्या. ते उतरून स्वयंपाकघरातून पातेलं घेऊन आलं तर काढून घेऊ नका. खालच्या मजल्यावर कोणी आजारी नाही ना एवढं विचारून ठेवा, आणि दहा वाजले की पातेलं जागेवर ठेवा.